पिनकोड कर्नाटकाचा, घर मराठी आणि बिल दोन भाषांचे!

बेळगावात काय किंवा निपाणीत काय, चार मराठी माणसे एकत्र आली की पूर्वी सीमाप्रश्नाचा विषय निघे. तो आजही निघतो, पण त्याच्या जोडीला आता टीव्हीच्या आणि इंटरनेटच्या बिलाचा विषय निघतो. "गेल्या महिन्यात इतके नव्हते हो," "परवापर्यंत चॅनल दिसत होते, आता पैसे भरा म्हणतेय," "केबलवाला लुटतो," ही वाक्ये शहापुरात ऐकू येतात, तशीच खानापुरात आणि निपाणीतही. या दोन्ही विषयांत एक साम्य आहे. तक्रार सगळेच करतात, कागद मात्र फार थोडे वाचतात. सीमाप्रश्नाचे कागद वाचणारी, जपून ठेवणारी पिढी आपल्याकडे होऊन गेली, म्हणून तो लढा टिकला. बिलाचा कागद वाचायला आपण कधी शिकणार, हा आजचा आमचा प्रश्न आहे.

आम्ही बँकेत काउंटरवर बसतो, त्यामुळे या दुखण्याचे रोगी आमच्यापर्यंत रोज येतात. मागे एकदा आम्हाला शाळेत गणित शिकवलेले गुरुजीच पासबुक घेऊन आले. "काय रे, हे 707 रुपये कसले कापलेत तुम्ही? दर महिन्याला 471 जायचे." आम्ही म्हटले, "गुरुजी, बँकेने काही कापलेले नाही. तुमच्या इंटरनेटवाल्यांनी मागितले आणि तुम्ही दिलेल्या परवानगीवर ते गेले." गुरुजी म्हणाले, "मी कधी दिली परवानगी?" मोबाइल उघडून पाहिला तेव्हा उलगडा झाला. जोडणी घेताना 399 रुपयांचा दर पहिल्या सहा महिन्यांपुरता होता. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 470 रुपये 82 पैसे, म्हणजे 471. सातव्या महिन्यापासून दर 599, करासह 707. पैसे जाण्याच्या आदल्या दिवशी इंग्रजीत संदेशही आला होता. गुरुजींनी जाहिरात समजून तो पुसून टाकला होता. ज्यांनी आम्हाला शेकडेवारी शिकवली, त्यांच्याच बिलात पन्नास टक्के वाढ झाली आणि त्यांना ती पासबुक भरून घेतल्यावर कळली! गुरुजींचे गणित चुकले नव्हते, त्यांना उदाहरणच अर्धे दिले होते.

दरवाढ चार वाटांनी येते

दरवाढ म्हटले की जाहीर झालेली वाढ एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात ती चार वाटांनी घरात शिरते.

पहिली वाट सरळ वाढीची. 3 आणि 4 जुलै 2024 रोजी तिन्ही मोठ्या खासगी मोबाइल कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हा जिओचा 28 दिवसांचा 239 रुपयांचा प्लॅन 299 ला गेला. पंचवीस टक्के वाढ! पण ती वर्तमानपत्रात आली, लोक ओरडले, निदान सर्वांना कळले तरी.

दुसरी वाट मुदत संपण्याची. सुरुवातीचा दर स्वस्त, नंतरचा महाग. गुरुजींचे झाले ते हेच. इथे कंपनी 'आम्ही दर वाढवलाच नाही' असे म्हणू शकते आणि कागदोपत्री ते खरेही असते.

तिसरी वाट दिवस कमी करण्याची किंवा स्वस्त प्लॅनच काढून टाकण्याची. 28 दिवसांचा महिना हा याचा उत्तम नमुना. बारा वेळा 28 म्हणजे 336 दिवस. वर्षाचे 29 दिवस उरतात, म्हणून वर्षाला तेरावे रिचार्ज करावे लागते. लोकांनी तक्रारी केल्या, तेव्हा जानेवारी 2022 मध्ये भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, प्रत्येक कंपनीने 30 दिवसांचा निदान एक आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा निदान एक प्लॅन ठेवलाच पाहिजे असा आदेश काढला. आज असे प्लॅन आहेत. आपल्यापैकी किती जणांनी ते मागून घेतले?

चौथी वाट कराची आणि जोडीला दिलेल्या वस्तूंची. जाहिरातीत 399 मोठ्या अक्षरात, कर बारीक अक्षरात. शिवाय राउटरचे भाडे, अनामत, कधी न पाहिलेल्या चार अॅपची वर्गणी. चहा मागितला तर बिस्किटे पुढे ठेवायची आणि पैसे दोन्हींचे घ्यायचे, असा हा मामला आहे.

केबलच्या बिलात कोणाला काय मिळते

आता टीव्हीकडे वळू. जुन्या वाचकांना आठवत असेल, 1999 साली अल्फा मराठी आणि 2000 साली ईटीव्ही मराठी सुरू झाली तेव्हा आपल्याकडे केबलवाल्याला महिन्याला एक ठरावीक रक्कम दिली की मराठी, कन्नड, हिंदी सगळे एकाच तारेतून येत असे. मुंबई दूरदर्शनसाठी छपरावर उंच अॅन्टेना लावून दिशा शोधत बसण्याचे दिवस संपले होते. कोणती वाहिनी कितीची, हा प्रश्नच नव्हता. पुढे तार डिजिटल झाली, घरोघरी सेट टॉप बॉक्स आले आणि 1 फेब्रुवारी 2019 पासून ट्रायची नवी दरपद्धती लागू झाली. 'जे पाहाल त्याचेच पैसे द्या' असे तिचे वर्णन केले गेले. 100 वाहिन्यांपर्यंत 130 रुपये जोडणीचे, करासह 153 रुपये 40 पैसे. त्यावर पैसे घेणाऱ्या वाहिन्या आपण निवडायच्या. प्रत्येक वाहिनीची किंमत जाहीर आणि ती सर्व वितरकांसाठी सारखी.

कल्पना चांगली होती. पण 19 रुपयांपेक्षा महाग वाहिनी पॅकमध्ये घालायची नाही, असा नियम केला गेला आणि बऱ्याच लोकप्रिय वाहिन्यांनी नेमका 19 हाच आकडा धरला. मर्यादाच किंमत बनली! सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या दहा वाहिन्या घेणाऱ्याचे बिल महिन्याला 230-240 रुपयांवरून सुमारे 300 वर जाईल, असा अंदाज क्रिसिल या संस्थेने त्याच महिन्यात मांडला होता. जानेवारी 2020 मध्ये ट्रायने 19 ची मर्यादा 12 वर आणली आणि 130 रुपयांत 200 वाहिन्या देण्यास सांगितले. वाहिन्यांचे मालक मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने 2021 मध्ये ट्रायचा बहुतांश आदेश योग्य ठरवला, तरी नोव्हेंबर 2022 मध्ये मर्यादा पुन्हा 19 झाली. फेब्रुवारी 2023 मध्ये नव्या दरांचे करार न करणाऱ्या केबल कंपन्यांचे प्रक्षेपण मोठ्या वाहिन्यांनी काही दिवस बंद ठेवले. त्या दिवसांत आपण शिव्या घातल्या त्या गल्लीतल्या केबलवाल्याला.

म्हणून त्याच्या वाट्याला काय येते तेही पाहा. वेगळा करार नसेल तर 130 रुपयांच्या जोडणी शुल्कातला 45 टक्के वाटा त्याचा, म्हणजे 58 रुपये 50 पैसे. बाकी वरच्या कंपनीचे. 19 रुपयांच्या वाहिनीतले साधारण 15 रुपये 20 पैसे वाहिनीच्या मालकाला जातात. उरलेले 3 रुपये 80 पैसे वितरणाचे, त्यात पुन्हा वाटणी. त्याच हिशेबाने गल्लीतल्या पोराच्या हाती पडतो 1 रुपया 71 पैसे. पावसात खांबावर चढणारा हा पोरगा बहुधा आपल्याच ओळखीतला असतो. दरवाढ त्याने केलेली नसते. त्याच्याशी भांडून ती कमीही होत नाही.

मग पैसे जातात कुठे? काही कारणे खरी आहेत आणि ती मान्य केली पाहिजेत. 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क जून 2022 मध्ये 48,390 कोटी रुपयांना विकले गेले. एवढी रक्कम ओतणारा ती वसूल करणारच. क्रीडावाहिनी मालिकांच्या पॅकमध्ये बांधली की क्रिकेटचा गंध नसलेली आजीही त्या लिलावाचा हप्ता भरू लागते. दुसरे कारण मक्तेदारीचे. नोव्हेंबर 2024 मध्ये डिस्ने स्टार आणि व्हायकॉम 18 एकत्र येऊन जिओस्टार झाले. म्हणजे स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी या काल एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या दोन वाहिन्या आज एकाच घरच्या आहेत. आठवड्याच्या बाजारात भाजीची दोनच दुकाने राहिली तर भाव कोण ठरवतो, हे आपल्या आयाबहिणींना सांगायला नको.

सीमाभागाचे वेगळे दुखणे

आतापर्यंत सांगितले ते पुण्याच्या आणि म्हैसूरच्या ग्राहकालाही लागू आहे. आपले दुखणे याहून एक पायरी पुढचे आहे. वाहिन्यांचे पॅक भाषेप्रमाणे बांधले जातात आणि कोणत्या घराला कोणता पॅक आधी दाखवायचा हे अनेक ठिकाणी राज्य पाहून ठरते. निपाणीचा पिनकोड 591 ने सुरू होतो, कागलचा 416 ने. मधे थोडासा रस्ता. पण संगणकाच्या लेखी एक घर कन्नड आणि दुसरे मराठी! गावातला केबलवाला आपल्याला ओळखतो, तो मराठी पॅक स्वतःहून पुढे करतो. पण छत्रीवाल्या डीटीएचच्या किंवा फायबरच्या योजनेत, आमच्या पाहण्यातल्या अनेक घरी, मूळ पॅक कर्नाटकाचा आणि मराठी वाहिन्या 'वरून जोडलेल्या' असेच निघाले.

याचा हिशेब सोप्या उदाहरणाने मांडतो. 2019 साली झी मराठी आणि झी कन्नड या दोन्ही वाहिन्यांची सुटी किंमत प्रत्येकी 19 रुपये होती. एक भाषा पाहणाऱ्या घराला करासह 22 रुपये 42 पैसे, दोन्ही पाहणाऱ्याला 44 रुपये 84 पैसे. वर्षाला 269 रुपयांऐवजी 538. हा फरक फक्त एका वाहिनीचा. बातम्या, चित्रपट, गाणी धरली की दोन भाषांच्या घराचे बिल किती फुगते याचा अंदाज ज्याने त्याने करावा. दर वाढतो तेव्हा तो आपल्या घरी दोन ठिकाणी वाढतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कन्नड वाहिनी पाहण्याला आमचा विरोध नाही. आपली मुले कन्नड शिकतात, कन्नड बातम्या समजणे इथे गरजेचे आहे आणि शेजारच्या कन्नड घरातही हेच बिल येते. संकेश्वरच्या कन्नड माणसाला कोल्हापुरात बिऱ्हाड केल्यावर उलट्या बाजूने हीच अडचण येऊ शकते. आमचे म्हणणे एवढेच की कोणती भाषा मूळ आणि कोणती वरची, हे घरमालकाने ठरवावे, पिनकोडने नव्हे.

असा भुर्दंड आपल्याला नवीन नाही. निपाणीहून कोल्हापूरला लेकीशी मोबाइलवर बोलायचे तर परराज्याचा दर, आणि सीमा ओलांडली की रोमिंग, हे दिवस फार जुने नाहीत. 2016-17 मध्ये कंपन्यांची आपसात स्पर्धा लागली तेव्हा कुठे ते शुल्क गेले. नकाशावरच्या रेघेचे भाडे आपण वर्षानुवर्षे भरले, कारण ते भाडे आहे हेच आपल्या लक्षात आले नव्हते.

ही मागणी निकालासाठी थांबण्याची नाही

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतील, "सीमाप्रश्न सुटला की हे सगळे आपोआप सुटेल." महाराष्ट्राने 2004 साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याबद्दल आमच्या मनात त्यांच्याइतकीच आस्था आहे. पण टीव्हीचा आणि इंटरनेटचा दर बेंगळुरू ठरवत नाही आणि मुंबईही ठरवत नाही. त्यांचे नियम दिल्लीत ट्राय करते. म्हणून ही मागणी आज करता येते, दाव्याचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

मुख्य म्हणजे नियम आपल्या बाजूने आहे. पैसे घेणारी प्रत्येक वाहिनी सुटी उपलब्ध करून दिली पाहिजे, पॅक घेण्याची सक्ती नाही, हे 2019 पासूनच्या पद्धतीचे मूळ तत्त्व आहे. 'कर्नाटक पॅक घेतल्याशिवाय मराठी मिळणार नाही' असे कोणी सांगत असेल तर ते ऐकून घेऊ नका, लेखी मागा. लेखी मागितले की बहुतेक वेळा उत्तर बदलते, हा आमचा काउंटरवरचा अनुभव आहे.

सावध राहण्याची एक बाबही आहे. जुलै 2024 मध्ये ट्रायने जोडणी शुल्कावरची मर्यादा काढून टाकली. आता कंपन्या हे शुल्क स्वतः ठरवू शकतात. इतकेच नव्हे, तर प्रदेशाप्रमाणे आणि ग्राहकांच्या वर्गाप्रमाणे वेगवेगळेही ठेवू शकतात. स्पर्धा असलेल्या शहरात याचा फायदा होईल. पण जिथे एकच तार आहे अशा खेड्यात काय होईल? चंदगडच्या सीमेवरच्या गावाला एक दर आणि रेघेच्या अलीकडच्या गावाला दुसरा, असे होऊ द्यायचे नसेल तर दोन्हीकडची बिले शेजारी ठेवून पाहणारी माणसे हवीत. ते काम आपल्या संघटनेशिवाय दुसरे कोण करणार?

ट्राय नवे नियम करण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करते आणि कोणाचीही मते मागवते. कर्नाटकासाठी तिचे प्रादेशिक कार्यालय बेंगळुरूला आहे. मराठीत परिपत्रके मिळावीत म्हणून आपण जिल्हाधिकारी कचेरीवर किती निवेदने दिली याची गणती नाही. त्या निवेदनांतले एक, अवघे एक, या विषयावर जायला काय हरकत आहे? मागण्या तीनच असाव्यात. भाषेचा मूळ पॅक ग्राहकाने निवडावा. करार आणि दरबदलाची सूचना ग्राहकाने निवडलेल्या भाषेत मिळावी. सुरुवातीचा दर, त्याची शेवटची तारीख आणि नंतरचा करासह दर एकाच कागदावर, एकाच आकाराच्या अक्षरात असावा.

ही तिसरी मागणी हवेतली नाही. आपली मुले जिथे नोकरीला गेली आहेत त्या इंग्लंडमध्ये मोबाइल आणि ब्रॉडबँडचे करार महागाईच्या निर्देशांकाला बांधलेले असत. निर्देशांक अधिक 3.9 टक्के, अशा सूत्रामुळे 2023 च्या वसंतात कित्येकांचे बिल कराराच्या मधेच 14 टक्क्यांहून अधिक वाढले. लोकांना ते सूत्र कळतच नव्हते. शेवटी तिथल्या ऑफकॉम या नियामकाने 17 जानेवारी 2025 पासून नव्या करारांत असे सूत्र घालायला बंदी केली. वाढ करायची तर किती पौंड, किती पेनी आणि कधीपासून, हे सही घेण्यापूर्वीच सांगायचे. अमेरिकेत एप्रिल 2024 पासून मोठ्या ब्रॉडबँड कंपन्यांना खाद्यपदार्थाच्या पाकिटावर असतो तसा तक्ता दाखवावा लागतो, त्यात सुरुवातीचा दर आणि नंतरचा दर वेगळा द्यावा लागतो. दरवाढ तिथेही थांबलेली नाही, हे खरे. पण गुरुजींसारखी अचानक गाठत नाही.

घरी बसून करता येण्यासारखे

निवेदनाला वेळ लागेल. तोवर प्रत्येक घराने करायची कामे अशी आहेत.

जोडणी घेताना पाच आकडे वहीत लिहून ठेवा: करासह आजचा दर, तो किती तारखेपर्यंत, नंतरचा दर, किती दिवसांचा महिना आणि जोडणी सोडल्यास अनामत किती परत. कालनिर्णयाच्या मागच्या पानावर दुधाचा हिशेब लिहिणाऱ्या घराला हे जड नाही. मुदत संपण्याच्या आठ दिवस आधी फोन करून विचारा. 'दर तोच ठेवा, नाहीतर दुसरीकडे जातो' असे म्हणणाऱ्याला सवलत मिळते, गप्प बसणाऱ्याला मिळत नाही, असे आमच्या पाहण्यात आले आहे.

खात्यातून आपोआप पैसे जाण्याची परवानगी देताना जपा. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2021 पासूनच्या नियमांप्रमाणे कार्ड किंवा यूपीआयवरून अशी वसुली होण्याच्या 24 तास आधी ग्राहकाला सूचना आली पाहिजे आणि ती वसुली नाकारता आली पाहिजे. बदलत्या रकमेची परवानगी देताना कमाल मर्यादा घालता येते. बिल 471 असेल तर मर्यादा 500 ठेवा, 5000 नको. मग 707 ची मागणी आली तर पैसे आपोआप जाणार नाहीत, आधी तुम्हाला विचारावे लागेल. एवढे एक काम केले असते तर गुरुजींना आमच्याकडे यावे लागले नसते.

घरात कोण काय पाहते, हे महिन्यातून एकदा मोजा. आम्ही आमच्या घरी मोजले तेव्हा पैसे भरलेल्या वाहिन्यांपैकी निम्म्याही कोणी पाहत नव्हते. ज्या वृद्धांना दूरदर्शन पुरते त्यांच्यासाठी डीडी फ्री डिश आहे. एकदा छत्री आणि बॉक्सचा खर्च केला की दरमहा काही नाही. त्यावर सह्याद्री आहे आणि चंदनाही आहे. ज्यांना मोबाइलवर फक्त बोलायचे असते त्यांच्यासाठी केवळ कॉल आणि संदेशांचे पॅक ठेवण्याचा आदेश ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये दिला आहे. दुकानदार ते स्वतःहून सांगेलच असे नाही, नाव घेऊन मागा.

तक्रार करायची तर आधी कंपनीकडे करा आणि तक्रार क्रमांक घ्या. दाद न मिळाल्यास कंपनीच्या वरच्या अधिकाऱ्याकडे, मग राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनी 1915 वर. तरीही भागले नाही तर बेळगावला जिल्हा ग्राहक आयोग आहे. सेवेसाठी भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक मंचाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे.

तराजू कोणाच्या हातात?

निपाणीकरांना 1981 साल आठवण्याची गरज नाही, ते विसरलेलेच नाही. तंबाखू आपण पिकवायचा, पण वजन, प्रत आणि भाव वखारीत दुसऱ्याने ठरवायचा, याविरुद्ध शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी महामार्गावर बसले आणि 6 एप्रिलला गोळ्याही झेलल्या. ते बलिदान आणि आपले टीव्हीचे बिल यांची तुलना करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. पण त्या आंदोलनाने शिकवलेला प्रश्न लहान व्यवहारातही विचारावा लागतो: तराजू कोणाच्या हातात आहे आणि काटा आपल्याला दिसतो का?

शेवटी थोडे स्वतःकडेही पाहू. 'मराठी टिकवायची म्हणून मराठी वाहिनी घेतो' असे आपण अभिमानाने म्हणतो. चांगले आहे. पण 1848 पासून चालत आलेले बेळगावचे सार्वजनिक वाचनालय आपल्याच शहरात आहे, तिथली वर्गणी भरताना आपण हात आखडता घेतो आणि न पाहिलेल्या वाहिन्यांचे पैसे मात्र निमूटपणे जाऊ देतो. भाषेवरचे प्रेम हा आपला दागिना आहे. तो कोणाला आपल्या बिलात वजन करून विकू देऊ नये.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपले गेल्या सहा महिन्यांचे टीव्हीचे आणि इंटरनेटचे बिल बरोबर आणावे. चंदगड, कागल, गडहिंग्लज इकडच्या पाहुण्यांचेही मागून घ्यावे. ही बिले शेजारी मांडली की निवेदनाचा मसुदा आपोआप तयार होईल. आकडेमोड करायला आम्ही बसू. गुरुजींनीही येण्याचे कबूल केले आहे आणि या वेळी उदाहरण पूर्ण असेल.

जय महाराष्ट्र!